उजेडाची राखण

उजेड करणं आणि उजेड राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. काडी ओढली की उजेड होतो. तो तासन्‌तास एकसारखा राहावा यासाठी मात्र कुणीतरी जागं असावं लागतं. वात सारायची, काजळी झाडायची, तेल संपायच्या आत तेल घालायचं, कंदिलाची काच रोज राखेनं पुसायची, पेट्रोमॅक्सला मधून मधून हवा मारायची. आपल्या आया-आज्यांची निम्मी संध्याकाळ या राखणीत जायची. लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्सवाल्याला जेवायला सवड नसे, कारण बत्ती जराशी तांबडी पडली की दहा जण एकदम हाका मारत.

आज आपल्या खिशात जो मोबाईल आहे, त्याच्या पडद्यात असे पन्नास लाखांवर दिवे असतात. एकही तांबडा पडत नाही, एकालाही कुणी हवा मारत नाही. मग त्यांची राखण कोण करतं? मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कवितेच्या वाटेला गेलेला माणूस. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा विषय नव्हे. पण या प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलं नाही. शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं, की ही गोष्ट आपल्या कोल्हापूरलाही चांगली ठाऊक असलेली आहे. फक्त तिच्यातली पात्रं बदलली आहेत.

विजेचा पहिला प्रखर दिवा म्हणजे बल्ब नव्हे. तो कार्बनचा आर्क. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हम्फ्री डेव्हीनं लंडनमध्ये मोठ्या बॅटरीच्या दोन टोकांना कोळशाच्या कांड्या जोडल्या, त्या एकमेकींना टेकवून थोड्या दूर केल्या आणि मधल्या फटीत डोळे दिपवणारी ठिणगी अखंड जळत राहिली. पण अखंड म्हणजे किती वेळ? कांड्या जळून आखूड होतात, फट रुंदावते, उजेड थरथरतो आणि दिवा जातो. म्हणून कुणीतरी सतत कांड्या पुढे सरकवत राहायला हवं. लिओं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं घड्याळाची चक्रं आणि विद्युतचुंबक जोडून हे काम आपोआप करणारं यंत्र बनवलं, आणि १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर विजेचा सूर्य उगवला.

आर्कची आणखी एक खोड होती. त्यातून करंट वाढला की त्याचा अडथळा कमी होतो, अडथळा कमी झाला की करंट आणखी वाढतो. मोकळा सोडला तर तो स्वतःला आणि वायरिंगला जाळून टाकील. त्यावर उपाय म्हणून आर्कच्या वाटेत एक रेझिस्टन्स बसवत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे. काही दिवे व्होल्टेजवर सांभाळता येत नाहीत, त्यांचा करंटच आवरून धरावा लागतो.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा. दांडा फिरवणाऱ्याचा हात जरा चुकला तर प्रत्येक चौकटीवर पडणारा उजेड कमी-जास्त होणार आणि पडद्यावर चित्र लुकलुकणार. तेव्हाचे लोक मनातल्या मनात ठेका धरून दांडा फिरवत. ‘सैरंध्री’ १९२० साली आला. त्या काळी चित्रण व्हायचं उघड्यावर, उन्हात. उन्हाला आवरायला पांढरे पडदे आणि परावर्तक. ढग आला की काम बंद. बाबूरावांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा तो चित्रपट. तानाजीचा हल्ला रात्रीचा. रात्र दाखवायची म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्या देशात कृत्रिम उजेडात चित्रण केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत ‘सिंहगड’चं नाव घेतलं जातं. मला यातली गंमत अशी वाटते, की अंधार दाखवायचा होता म्हणून दिवे आणावे लागले.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जी माणसं तयार झाली, त्यांत विष्णुपंत दामले होते, व्ही. शांताराम होते आणि शेख फत्तेलाल होते. सगळी सिनेमासृष्टी त्यांना ‘साहेबमामा’ म्हणायची. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली, तिच्या भागीदारांत ते होते. दामले-फत्तेलाल या जोडीनं १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिला, तो पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. साहेबमामांचं मूळ काम चित्रकाराचं, कलादिग्दर्शनाचं. कुठल्या भिंतीवर किती उजेड पडेल याचा अंदाज रंगाच्या हातानं आधी बांधायचा, अशी ती विद्या.

हे झालं उजेड टिपण्याचं. तो पडद्यावर टाकण्याचं काम कुणी दुसरेच करत, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत कधी आली नाहीत. माझे थोरले चाचा कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. घरात त्यांचं नावच ‘ऑपरेटरचाचा’ पडलं होतं. ऐंशीच्या दशकात मी शाळकरी असताना त्यांचा डबा घेऊन प्रोजेक्टरच्या खोलीत जायचो. लोखंडी पेटीत दोन कांड्या समोरासमोर, तांब्याचा मुलामा दिलेल्या, एक जाड आणि एक बारीक. पेटीला काळ्या काचेची छोटी खिडकी. चाचा सिनेमा पाहत नसत, ते त्या खिडकीतून ज्योत पाहत. दर थोड्या वेळानं गोल मूठ किंचित फिरवायची. कांडी पुढे सरकली की पडदा पुन्हा पांढराशुभ्र. एक कांडी संपत आली, की तोवर दुसऱ्या मशीनवर दुसरी पेटलेली हवी. तीन तासांच्या खेळात त्यांचा हात मुठीपासून फार दूर जात नसे. खाली पडदा जरा पिवळा पडला की पहिल्या चार रांगांतून ‘ए, लाईट!’ अशी आरोळी यायची. मी त्यांना एकदा विचारलं, “चाचा, अमिताभ मरतो का शेवटी?” ते म्हणाले, “मला काय माहीत? मी कांडी बघत होतो.” संपलेल्या कांड्यांची थोटकं आम्ही मुलं घरी आणायचो आणि त्यांनी फरशीवर पट ओढायचो.

पुढे झेनॉनचे दिवे आले, ज्यांना कांडी सरकवावी लागत नाही. मग डिजिटल प्रोजेक्टर आले. मूठ गेली, मूठ फिरवणारा हातही गेला. पण उजेड राखण्याची गरज गेली नाही. ती कुठे गेली, ते पाहण्यासाठी अमेरिकेत जावं लागेल, तेही एका सिनेमावाल्या कंपनीत.

साऱ्या जगाला फिल्म पुरवणारी कोडॅक कंपनी. तिच्या रोचेस्टर इथल्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ साली एक दिवा जाहीर केला. काचेवर सेंद्रिय रसायनांचे दोन थर, दोन्ही मिळून केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ. दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर तो हिरवा, लख्ख उजळला. सेंद्रिय पदार्थ विजेनं उजळतात हे आधी माहीत होतं, पण त्याला शेकडो व्होल्ट लागायचे. या नव्या दिव्याला पुढे ओएलईडी म्हणू लागले.

एलसीडी आणि ओएलईडी यांतला फरक साध्या शब्दांत सांगतो. एलसीडीच्या मागे एकच मोठा दिवा अखंड जळत असतो आणि पुढे लक्षावधी बारीक झडपा उघडझाप करतात. झडप कितीही लावली तरी थोडा उजेड झिरपतो, म्हणून एलसीडीतला काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत झडपच नाही. प्रत्येक ठिपका हा स्वतंत्र दिवा. काळं दाखवायचं तर तो दिवा सरळ मालवायचा. म्हणून त्यातली रात्र खरोखर काळी असते. बाबूरावांना अशी रात्र किती आवडली असती!

पण स्वतंत्र दिवा म्हटला की त्याची स्वतंत्र राखण आली. हा दिवाही आर्कसारखाच करंटचा. त्याचा उजेड करंटच्या प्रमाणात पडतो. व्होल्टेजनं चालवू गेलात तर दाब किंचित वाढला तरी करंट भसकन वाढतो, हवा तापली तरी बदलतो. म्हणून प्रत्येक दिव्याच्या वाटेत करंट मोजून सोडणारा एक पहारेकरी बसवावा लागतो. हा पहारेकरी म्हणजे ट्रान्झिस्टर.

त्याची मूळ मांडणी ओएलईडीच्याही आधीची आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेले पीटर ब्रॉडी अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करत. त्यांच्या गटानं १९७५ साली सहा इंच बाय सहा इंचांचा एक उजळणारा फलक तयार केला, दुसऱ्या जातीच्या दिव्यांचा. प्रत्येक ठिपक्यामागे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. पहिला ट्रान्झिस्टर दाराचा, निरोप आत घेणारा. कपॅसिटर म्हणजे निरोप साठवणारा रांजण. आणि दुसरा ट्रान्झिस्टर त्या साठ्याकडे पाहून दिव्याला करंट सोडणारा. रांजण कशाला? कारण पडद्याच्या सगळ्या ओळींना एकाच वेळी निरोप देता येत नाही. ओळीनं जावं लागतं. २४०० ओळींचा मोबाईल सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असेल, तर एका ओळीच्या वाट्याला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम सात भाग येतात. तेवढ्यात रांजण भरून घ्यायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यावर निभवायचं. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येणाऱ्या वस्तीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कागदावर हे छान आहे. अडचण अशी, की पहारेकरी सारखे नसतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा एक उंबरठा असतो. तेवढा दाब ओलांडल्याशिवाय तो उघडत नाही. मोबाईलच्या पडद्यात काचेवर सिलिकॉनचा थर देऊन तो लेसरनं क्षणभर वितळवतात. गार होताना त्याचे स्फटिक बनतात, आणि ते लहान-मोठे होतात. आपल्याकडच्या गुऱ्हाळात एकाच काहिलीतल्या गुळाची कणी रव्यागणिक वेगळी पडते, तसंच. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांचे उंबरठेही वेगळे. फरक केवढा? दहावा भाग व्होल्ट म्हणू. उंबरठ्याच्या वर एक व्होल्ट दाब दिला आहे असं धरलं, तर एवढ्याशा फरकानं करंट १०० ऐवजी ८१ होतो, कारण तिथे वर्गाचा हिशेब चालतो. माणसाच्या डोळ्याला शेजारच्या दोन ठिपक्यांतला एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो. मग १९ टक्के म्हणजे पडदा डागाळलेलाच. जपानी कारागीर या डागाळलेपणाला ‘मुरा’ म्हणतात, आणि तोच शब्द जगभर रूढ झाला आहे.

यावर १९९८ साली अमेरिकेतल्या सारनॉफ प्रयोगशाळेच्या संशोधकांनी चार ट्रान्झिस्टरांची एक मांडणी सादर केली. तिचं तत्त्व कळलं तेव्हा मला शाहूपुरीतला बाजार आठवला. जुना व्यापारी माल घालण्याआधी तराजूचा पासंग काढायचा. एक पारडं जरा जड असेल तर आधी ते बरोबर करायचं, मग माप. इथेही तेच. निरोप घेण्याआधी जुना साठा रिकामा करतात. मग ट्रान्झिस्टरची दोन टोकं क्षणभर एकमेकांना जोडतात आणि निरोप त्याच्यातूनच रांजणात सोडतात. करंट वाहू लागतो, रांजण भरत जातो, आणि भरता भरता अशी पातळी येते की ट्रान्झिस्टर आपल्याच उंबरठ्यापाशी येऊन आपोआप बंद होतो. आता रांजणात जे उरलं, त्यात निरोप आहे आणि त्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा पासंगही आहे. नंतर दिवा उजळताना उंबरठा हिशेबातून वजा होतो. ज्याचा उंबरठा उंच त्याला त्या मापानं जास्त, ज्याचा बुटका त्याला कमी. उजेड मात्र सारखा. हे सगळं चालू असताना दिवा चुकून लुकलुकू नये म्हणून त्याची वाट बंद ठेवणारा आणखी एक ट्रान्झिस्टर. आज मोबाईलमध्ये रूढ असलेल्या एका मांडणीत ठिपक्यामागे सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. पन्नास लाख ठिपक्यांना साडेतीन कोटी पहारेकरी झाले.

तरीही काम संपत नाही. पडद्यावर वीज वाहून नेणाऱ्या तारांना स्वतःचा अडथळा असतो. उगमाजवळच्या ठिपक्यांना पूर्ण दाब मिळतो, टोकाच्यांना कमी. पाटाच्या पाण्याचं राजकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘टेल’च्या शेतकऱ्याचं दुःख माहीत आहे. पडद्यालाही टेल असतो, आणि तारांची जाडी, जाळं, दाब यांचा मेळ घालून त्याची सोय करावी लागते.

दुसरी अडचण गळतीची. रांजण किंचित पाझरतो. चित्र भराभर बदलत असेल तर फरक पडत नाही, पण तेच चित्र सेकंदभर धरून ठेवायचं म्हटलं की उजेड ढळतो. टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटानं इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर विकसित केले. त्यांचा २००४ सालचा शोधनिबंध गाजला. या ट्रान्झिस्टरमधून गळती अत्यल्प होते. म्हणून २०१९ साली असं मनगटी घड्याळ बाजारात येऊ शकलं, की ज्याचा पडदा सेकंदाला एकदाच ताजा होतो आणि तरीही दिवसभर उजळलेला राहतो.

तिसरी अडचण म्हातारपणाची, आणि तिच्यावर पुरतं औषध नाही. ट्रान्झिस्टर करंट बिनचूक देईल, पण दिव्याचं रसायनच थकलं तर तेवढ्याच करंटमध्ये उजेड कमी पडतो. तीन रंगांत निळा सर्वांत आधी थकतो. म्हणून अनेक मोबाईलमध्ये निळा ठिपका मोठा ठेवतात, म्हणजे त्याच्यावरचा भार पसरतो. हॉटेलात दिवसभर एकच बातमीवाहिनी लावली, तर तिच्या बोधचिन्हाची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते, ती याच थकव्यानं. त्या जागेचे दिवे जास्त जळलेले असतात.

ओएलईडीच्या मोठ्या टीव्हीत यासाठी वेगळी तजवीज असते. प्रत्येक ठिपक्याला एक मोजणीची वाट ठेवलेली असते. काही तास टीव्ही पाहून आपण रिमोटनं तो बंद केला, की पडदा काळा होतो आणि आत तपासणी सुरू होते. कोणाचा उंबरठा सरकला, कोण किती थकला, हे मोजून त्याची नोंद ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्याला तेवढा करंट वाढवून मिळतो. अशा पडद्यावर ठिपके असतात ८३ लाखांच्या घरात, आणि एकेका ठिपक्यात चार दिवे. आमच्या घरी रात्री निजताना भिंतीवरचा मेन स्विच बंद करायची शिस्त आहे. अब्बांच्या काळापासूनची. ज्यांच्याकडे असा टीव्ही असेल त्यांनी ही शिस्त जरा सैल करावी. रिमोटनं बंद केल्यावर त्याला थोडा वेळ वीज मिळू द्यावी. तो झोपलेला दिसतो, पण त्याची पासंग काढण्याची वेळ तीच असते.

आता या इतिहासाच्या दोन बाजू. एक कोडॅकची. ज्या कंपनीच्या घरात हा दिवा जन्मला, तिनं २००३ साली ओएलईडी पडद्याचा कॅमेरा बाजारात आणला होता. पण फिल्मचा धंदा आटत गेला. २००९ साली तिनं हा व्यवसाय कोरियाच्या एलजी समूहाला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. वेस्टिंगहाऊसनंही ब्रॉडींचं काम १९७९ च्या सुमारास गुंडाळलं होतं. शोध अमेरिकेत लागला, पण कारखाने जपान, कोरिया आणि चीनमध्ये उभे राहिले. सोनीनं २००७ साली अकरा इंचांचा पहिला ओएलईडी टीव्ही विकायला काढला. दिवा पेटवणारे एक आणि राखणारे दुसरे, असंच इथेही झालं.

दुसरी बाजू आपली. आज भारतात मोबाईल मोठ्या संख्येनं जोडले जातात, पण त्यांचे ओएलईडी पडदे बाहेरून येतात. ‘आपल्याला कुठे जमणार’ असं कुणी म्हणालं की मला आश्चर्य वाटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत ओतकाम, यंत्रकाम करणारे हात आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ऑक्साइडच्या पातळ थरांवर कितीतरी वर्षं संशोधन चाललं आहे. ज्या गावात एका कारागिरानं एकेक भाग घडवून सिनेमाचा कॅमेरा उभा केला, त्या गावानं तरी असा प्रश्न विचारू नये. काम अवघड आहे, कारखान्याला अफाट भांडवल लागतं, हे खरंच. पण एका ठिपक्याची मांडणी आखायला कागद, गणित आणि चिकाटी लागते. आपल्या मुलांना हे काम आहे, एवढं तरी कुणी सांगायला हवं.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पगारात तीन तासांच्या एकाग्रतेचा वेगळा आकडा कधी नव्हता. पडदा पांढरा राहिला तर ते कुणाला आठवत नसत, आणि पिवळा पडला तरच आरोळी यायची. उजेड राखणाऱ्याचं काम असंच असतं. चांगलं झालं की दिसत नाही. आज रात्री मोबाईल विझवताना त्या साडेतीन कोटी पहारेकऱ्यांची आठवण काढली नाही तरी चालेल. ज्यांनी त्यांची मांडणी आखली आणि ज्यांनी त्यांच्या आधी मूठ फिरवली, त्यांची मात्र काढावी.